शिवचित्रपटांतील शौर्य आणि खलत्व

श्री. दिग्पाल लांजेकर यांनी आठ शिवचित्रपटांचा संकल्प केला आणि २०१८ च्या ‘फर्जंद’पासून ती माला रसिकांपुढे येऊ लागली. तिला लाभलेल्या लोकाश्रयाविषयी आमची तक्रार नाही. परदेशी अतिमानवांच्या चित्रपटांवर पोसलेल्या मुलांना कोंडाजी आणि बाजी भेटले, ही गोष्ट शिक्षकास सुखावणारीच आहे. प्रश्न वेगळा आहे. येथे नायकास मोठेपण येते ते कशाने ?

‘पावनखिंड’मध्ये (२०२२) याचे उत्तर उत्तम मिळते. १६६० च्या त्या झुंजीत बाजीप्रभूंस विजय मिळवावयाचा नव्हता, वेळ मिळवावयाचा होता. राजे विशाळगडी पोहोचेपर्यंत खिंड अडवून धरणे, एवढेच त्या शौर्याचे प्रयोजन. श्री. अजय पूरकर यांच्या मुद्रेवर ते ओझे दिसते. अतिमानवाजवळ अमोघ शक्ती असते, म्हणून त्याला गमावण्यासारखे फार थोडे असते. बाजींजवळ दोन हात आणि थकलेले मावळे होते.

त्याच वर्षीच्या ‘शेर शिवराज’मध्ये मात्र तोल जातो. श्री. मुकेश ऋषी यांची भरदार शरीरयष्टी पडदा व्यापून टाकते, पण अफजलखानाची बुद्धी तितकी दिसत नाही. वाईची सुभेदारी केलेला तो मुरब्बी सेनानी केवळ क्रूर राक्षस ठरला, की १० नोव्हेंबर १६५९ ची मसलतही लहान होते. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे. मरणानंतर वैर न ठेवणारा राजा अशा राक्षसासमोर उभा करून समजावयाचा नाही.

सिल्वासात बसून हे लिहिताना आम्हांस आमचाच इतिहास आठवतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव मुक्त झाले. त्या मोहिमेतील स्वयंसेवकांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरेही होते. (मोहिमेसाठी पैसा उभा करण्यास लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या, हे ओघाने आले.) त्याआधी दादऱ्यास मारला गेलेला पोलीस अधिकारी रोझारियो आमच्या लेखी परसत्तेचा हस्तक, पोर्तुगालने त्याला वीर मानले. कप्तान फिदाल्गो ११ ऑगस्टला शरण आला. आणि हेगच्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेला निवाडा तरी एकरंगी कोठे होता ? खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या वाटेचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, सैन्याचा व शस्त्रांचा अमान्य झाला. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ठरले.

या मालेत न्याय म्हणजे बहुधा तलवारीचा घाव. वास्तविक महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील लष्करास लिहिलेले पत्र मराठीच्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. रयतेस तोशीस देणारा आपलाच शिपाई त्यात मोगलांहून वाईट ठरतो. स्वतःच्या छावणीतला हा खल पडद्यावर ठसठशीतपणे उभा राहिलेला आम्हांस तरी अद्याप दिसला नाही.