एका सिंकचा रसास्वाद

मराठी माणूस जन्मतःच समीक्षक असतो. नाटकाचं मध्यंतर असो, पंगतीतली जिलबी असो, एवढंच काय, कुणाच्या मयताला गेल्यावर तिरडी नीट बांधलीय की नाही हे बघणं असो, त्याच्यातला समीक्षक जागाच असतो. आमच्या पाटणात तर कोयना धरणातून पाणी कधी आणि किती सोडावं यावर चहाच्या प्रत्येक टपरीवर पावसाळाभर परिसंवाद झडतो. असं असूनही, ज्या एका वस्तूपुढे घरातलं कोणीतरी रोज दोन-अडीच तास उभं असतं, त्या स्वयंपाकघरातल्या सिंकवर एकही समीक्षालेख माझ्या वाचनात आलेला नाही. कवितासंग्रहापुढे कोणी अडीच तास उभं राहिल्याचं ऐकिवात नाही; तरी परीक्षणं त्यांचीच येतात. हा अन्याय दूर व्हावा म्हणून हा प्रपंच.

आता तुम्ही विचाराल, तुमचा अधिकार काय? अधिकार असा की, आमच्या घरी नवा ओटा घालायचा ठरला आणि सिंक बघायला मी कराडला चार खेपा केल्या. एवढा अभ्यास हल्ली पीएच. डी.लाही लागत नाही म्हणतात.

कोणतीही कलाकृती परंपरेच्या संदर्भात तपासावी, असं थोर समीक्षक सांगतात. सिंकची परंपरा म्हणजे मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन बाय तीनची फरशी, तिला वीतभर कठडा आणि भिंतीत एक भोक. त्या भोकातून पाणी बाहेर जाई आणि बाहेरून आत काय काय येई याची यादी देत नाही. विंचू हा त्यातला त्यात सभ्य पाहुणा. आई तिथं उकिडवी बसून भांडी घाशी. हाताशी राख, नारळाची शेंडी आणि तांब्या-पितळेसाठी चिंच. कल्हईवाला आला की पितळी पातेल्यांना नवं तारुण्य येई. आईच्या गुडघ्यांना मात्र कल्हई करून देणारा कोणी दारावर आला नाही.

मग आली बोहारीण. वडिलांची एक बरी पँट, माझे तीन सदरे आणि आजीचं एक लुगडं एवढ्या मोबदल्यात तिनं आमच्या घरात पोळ्यांचा एक डबा ठेवला आणि स्टीलयुग सुरू झालं. वास्तविक हे पोलाद स्वयंपाकघरासाठी जन्माला आलंच नव्हतं. इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातू धुंडाळत होते. १९१३ साली त्यांच्या हाती न गंजणारं पोलाद लागलं. लढाईला निघालेलं पोलाद शेवटी आमटी ढवळायला आलं, ही त्याची उन्नती की अधोगती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पुढं १९८१ साली तमिळनाडूत सेलमच्या सरकारी कारखान्यात स्टेनलेस स्टीलचा पत्रा निघू लागला. आधी भांडी स्टीलची झाली, मग ती घासायची जागाही स्टीलची झाली. मोरी जमिनीवरून उठली आणि ओट्यात जाऊन बसली. तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उकिडव्या बसलेल्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. एवढं मोठं स्थित्यंतर, पण त्याची ना शताब्दी ना स्मरणिका!

परंपरा झाली, आता आशय आणि अभिव्यक्ती. सिंकची अभिव्यक्ती म्हणजे चकाकी. दुकानात सगळेच सिंक चकाकतात. नव्या कवीचा पहिला संग्रहही चकाकतो. खरा प्रश्न आशयाचा. आशय म्हणजे पत्रा कोणत्या जातीचा आणि किती जाड. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये शंभरात साधारण अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असतं. आपल्या घरातल्या काही वाट्यांच्या बुडाशी १८/८ कोरलेलं असतं ते हेच. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पत्र्यावर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि तो आतल्या लोखंडाची अब्रू राखतो. ओरखडा गेला तर पापुद्रा आपला आपण पुन्हा धरतो. २०२ नंबरात महागाचं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. दिसायला दोघं जुळे भाऊ; पण मीठ-खटाईचा प्रसंग आला की कोण कुणाचा ते कळतं.

ते आधीच कळावं म्हणून आमचे शेजारी गुरुजी खिशात लोहचुंबक घेऊन माझ्याबरोबर कराडला आले. ‘चिकटला तर नकली, नाही चिकटला तर अस्सल,’ हा त्यांचा सिद्धान्त. लोहचुंबक २०२ला चिकटला नाही. ३०४लाही चिकटला नाही. उलट ३०४च्या एका उत्तम सिंकच्या कोपऱ्याला, जिथं पत्रा दाबून वळवलेला असतो तिथं, किंचित ओढल्यासारखा झाला. चांगल्याला बोल लावायचा आणि सामान्याला सोडून द्यायचं, हे त्या लोहचुंबकाचं वर्तन पाहून मला साहित्यातल्या काही वडीलधाऱ्यांची आठवण झाली. नाही म्हणायला निकेल अजिबात नसलेला स्वस्त पत्रा तो बरोबर पकडतो. पण तेवढ्यावर त्याला न्यायाधीश करू नये. जात आणि जाडी पावतीवर लिहून घ्यावी, हेच खरं. आम्ही तसं म्हटल्यावर एका दुकानदाराला एकाएकी चहा आठवला.

जाडीची गंमत अशी की गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. अठरा गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, वीस गेज म्हणजे एक मिलिमीटरच्याही आत. टिचकी मारून बघावी. पातळ सिंक डबड्यासारखा वाजतो, जाड सिंक खाकरल्यासारखा. चांगल्या सिंकच्या बुडाला खालून रबरी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, म्हणजे नळाची धार पडली तरी ताशा वाजत नाही. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला पाणी भरणाऱ्या घरात या पट्ट्यांचं महत्त्व झोपणाऱ्याला विचारावं.

पण सिंकची सर्वांत कठोर कसोटी म्हणजे परात. दुकानदार लांबी-रुंदी इंचात सांगतो आणि आपण मान डोलावतो. घरी आल्यावर कळतं की परात आडवी मावत नाही, तिरकी धरली तर नळाला अडते. तेव्हा घरातली सर्वांत मोठी परात आणि सर्वांत उंच पातेलं बरोबर घेऊन दुकानात जावं. चौथ्या खेपेला मी परात काखेत मारून एसटीत चढलो, तेव्हा कंडक्टरनं ‘लग्न कुठाय?’ म्हणून विचारलं. परात सिंकमध्ये सपाट बसली आणि भोवती चार बोटं जागा उरली, तेव्हाच मी पाकीट काढलं.

इथवर सगळं ठीक होतं. खरा वाद पेटला तो उंचीवरून. कोयनेकाठच्या गवंड्याला पाणी कळतं म्हणावं, तर १९६७च्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंपानं जो हिसका दिला, त्यानंतर तो भिंत बांधताना विचार करतो. सिंक बसवताना अजून करत नाही. ‘वट्टा बत्तीस इंच. सगळीकडं बत्तीसच असतो,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘बायका सगळ्या बत्तीस इंचीच असतात का?’ तो म्हणाला, ‘मालक, घर तुमचं, उंची तुम्ही सांगा.’

आता मी काय सांगणार? मी त्या सिंकमध्ये चहाचा कप विसळतो, तोही पाहुणे आले असतील तर. गुरुजींचं मत उंच ओटा भारदस्त दिसतो. दुकानदाराचं मत सिंक दहा इंच खोल घ्यावा, पाणी उडत नाही. आमच्या ह्यांना, म्हणजे घरच्या मंडळींना, ओटा चौतीस हवा, कारण पोळ्या लाटताना वाकायला नको. सगळ्यांची मतं मांडून झाली, आणि रोज दोन वेळा भांडी घासणाऱ्या मावशी दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मावशी माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. चौतीस इंचांचा ओटा म्हणजे पाय चवड्यांवर, आणि त्यात दहा इंच खोल सिंक म्हणजे तळाच्या चमच्यासाठी कमरेतून घडी.

‘मावशी, जरा इकडं उभ्या राहा बघू,’ ही म्हणाली.

‘मी कशाला वैनी? वट्टा तुमचा.’

‘भांडी कोण घासतं?’

मावशी उभ्या राहिल्या. कोपरापासून चार बोटं खाली गवंड्यानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. ही उभी राहिली, तिची दुसरी रेघ. दोन रेघांत बरोबर तीन इंचांचा फरक निघाला. शेवटी ओटा हिच्या रेघेवर आणि सिंकचा कडाप्पा मावशींच्या रेघेवर, असा तह झाला. सिंकची खोली आठ इंचांवर मिटली. गवंडी दोन दिवस ‘असं कुठं बघितलं न्हाई’ म्हणत राहिला, पण काम सरळ केलं.

सिंक वरून दिसतो ते निम्मंच. बाकीचं सगळं खाली. त्याला समीक्षेत अंतःप्रवाह म्हणतात. जाळीखाली बाटलीसारखा ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम अडून राहतं, आणि गटारातला वास त्या पाण्यापलीकडेच थांबतो. पाण्यानं वास अडवायची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं १७७५ साली संडाससाठी काढली. पुढं तीच स्वयंपाकघरात आली. म्हणून महिनाभर गावाला जाऊन आल्यावर घरात वास मारू लागला, तर उंदीर शोधू नये. ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, तांब्याभर ओतावं. पुढच्या आडव्या पाइपाला फुटाला पाव इंच उतार हवा. आमच्या डोंगरापलीकडे पाहा. कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरवलं तर पोफळीला वीज निघते. उतार दिला तर पाणी दिवे लावतं. नाही दिला तर तेच पाणी भाताची शितं घेऊन ओट्यावर परत येतं.

उरली निगा. स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं, असा अर्थ लावून आपण त्याच्यावर काय वाटेल ते अत्याचार करतो. तारेची लोखंडी घासणी वापरतो. तिचे कण पत्र्यात रुततात, गंजतात आणि नाव सिंकचं खराब होतं. फरशीचं ॲसिड ओततो, ब्लीचिंग पावडरीत फडकी भिजवून रात्रभर ठेवतो, लोणच्याच्या बरणीचं मिठाचं पाणी तसंच साचू देतो. क्लोरिन आणि मीठ त्या पापुद्र्याला जागोजाग भोकं पाडतात. खरं तर त्याला फार काही लागत नाही. मऊ घासणी, साधा साबण, डाग पडलाच तर खायचा सोडा, पत्र्याच्या रेषा ज्या दिशेनं असतील त्याच दिशेनं हात, आणि रात्री शेवटी कोरडं फडकं.

सिंक बसल्यावर समीक्षकांची रीघ लागली. ‘ओटा मधेच खचला का हो?’ असं एकानं हळहळून विचारलं. दुसऱ्यानं गवंड्याचे पैसे कापायचा सल्ला दिला. गुरुजींनी लोहचुंबक लावून पाहिला आणि ‘रचनेत एकसंधता नाही’ असा शेरा मारला. मी कुणाशी वाद घातला नाही.

आठ दिवसांनी मी मावशींना विचारलं, ‘काय मावशी, कसा काय आहे सिंक?’

त्यांनी परात विसळून पालथी घातली, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, ‘बरा हाय. सांजच्याला पाठ धरत न्हाई आता.’

जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, ‘जाळी तेवढी बदला दादा. भोकं मोठी हायती, शितं खाली जात्यात.’

जाळी आणायला उद्या कराडला जातो आहे. ही पाचवी खेप.