दर्शनाची पारख आणि तेरेसेचे गद्य

ख्रिस्ती गूढवाद्यांचे ग्रंथ मराठीत आणू पाहणाऱ्याच्या हाताशी ‘साक्षात्कार’ हा शब्द आपसूक येतो. तो सोयीचा आहे, आणि म्हणूनच धोक्याचा. जे दिसले ते ईश्वराकडूनच आले, हा निर्णय त्या शब्दात अगोदरच देऊन ठेवलेला असतो. आविलाच्या संत तेरेसेचे (१५१५–१५८२) आत्मचरित्र मात्र हा निर्णय लागलेला नसताना लिहिले गेले. आपल्याला दिसते ते ईश्वराचे, सैतानाचे की आपल्याच दुबळ्या कल्पनेचे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे होता त्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून तिने लेखणी उचलली. १५६५ च्या सुमारास पूर्ण झालेला हा ग्रंथ भक्तिचरित्र खराच. पण त्याहून अधिक तो एका परीने जबानी आहे.

या जबानीमागील भय काल्पनिक नव्हते. कोर्दोबाच्या मठाची प्रमुख माग्दालेना दे ला क्रूस ही अनेक वर्षे संत म्हणून पूजिली गेली. तिने आपल्या कपटाची कबुली दिली आणि १५४६ मध्ये इन्क्विझिशनने तिला शिक्षा ठोठावली. सैतान तेजोमय देवदूताचे रूप घेऊ शकतो हे पौलाचे बजावणे स्पेनमध्ये तेव्हा केवळ प्रवचनाचा विषय राहिले नव्हते. त्यातच तेरेसा स्त्री, आणि तिचे आजोबा यहुदी धर्मातून आलेले. आपल्याकडे तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला, तो परंपरेने अनुग्रह म्हणूनच स्वीकारला. इंद्रायणीच्या कथेत कसाला लागते ती वाणी, स्वप्न नव्हे. तेरेसेला ही मोकळीक नव्हती.

पारखण्याचे शास्त्र तिच्या काळापर्यंत बरेच तयार झाले होते. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोला यांना एक साधी गोष्ट उमगली. शौर्याची व प्रणयाची स्वप्ने रंगवताना सुख होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याचे विचार ओसरले तरी समाधान मागे उरे. कसोटी अनुभवाच्या तेजात नाही, त्याच्या मागे रेंगाळणाऱ्या चवीत आहे, असा याचा अर्थ. पुढे मान्रेसा येथे डोळ्यांसारख्या असंख्य ठिपक्यांनी चमकणारी एक सर्पाकृती त्यांना वारंवार दिसू लागली, आणि ती पाहून आनंदही होई. एके दिवशी क्रूसापुढे तीच आकृती निस्तेज भासली, आणि ती कोणाकडून येते हे त्यांनी ओळखले. सौंदर्य हे सत्याचे प्रमाण नव्हे, हा धडा सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तेरेसेकडे हे शास्त्र वाक्यरचनेत उतरते. आत्मचरित्राच्या सत्ताविसाव्या प्रकरणात ती सांगते की, ख्रिस्त आपल्या बाजूस आहे असे तिला जाणवले. पण देहाच्या वा मनाच्या डोळ्यांना काहीच दिसले नाही. रूप दिसले नाही तर तो ख्रिस्तच हे कशावरून, असे धर्मगुरू विचारतात. प्रश्न नेमका आहे. कोणत्याही चांगल्या टीकाकाराने तोच विचारला असता. ते कसे कळते हे आपल्याला सांगता येत नाही, पण न कळणे शक्य नव्हते, एवढेच ती उत्तर देते. मग अंधारात शेजारी कोणी असल्याची जाणीव होते त्याची उपमा ती देते, आणि लगेच ती उपमा अपुरी म्हणून मागे घेते. कारण अंधारातही श्वास ऐकू येतो, स्पर्श होतो, येथे तेही नाही. ‘मला वाटते’, ‘जणू’, ‘असे नव्हे’ ही तिच्या गद्याची पावले आहेत. भाषांतरकाराने ओघवत्या भक्तिरसपूर्ण मराठीसाठी ती पुसली, तर उरते ती एका निःशंक सिद्धेची कहाणी. परीक्षेला उभी राहिलेली स्त्री नाहीशी होते. मला हा भाषेच्या लालित्याचा नव्हे, अर्थाच्या खरेपणाचा प्रश्न वाटतो. ‘साक्षात्कार’ऐवजी ‘दर्शन’ म्हणावे, तरी त्यातही देव गृहीत धरलेला आहेच. पुष्कळदा ‘दिसले’, ‘दिसल्यासारखे झाले’ अशी उघडी क्रियापदेच अधिक प्रामाणिक ठरतात.

पारख करणाऱ्यांचीही पारख व्हावी असे प्रसंग या ग्रंथात आहेत. दिसणाऱ्या ख्रिस्ताला सैतान समजून, दोन बोटांतून अंगठा काढून मुठीने हिणवावे, अशी आज्ञा तिला झाली. तिने ती अतीव दुःखाने पाळली. पुढे दोमिंगो बान्येस या धर्मपंडिताचे मत तिने आवर्जून नोंदवले: सैतान मोठा चित्रकार असेल, पण त्याने काढलेले चित्रही ख्रिस्ताचे असेल तर ते वंदनीयच. कर्त्याच्या हेतूवरून कृतीचा निवाडा करू नये, असा वाद आपण साहित्यात घालतो तो याहून फार निराळा नाही.

तिचे सहकारी हुआन दे ला क्रूस याहून कठोर. दर्शन ईश्वराचे असले तरी त्याला बिलगू नये, कारण त्याचे कार्य ते येतानाच करून जाते, असे ते म्हणतात. तत्त्व म्हणून ते निर्दोष आहे. पण त्याला तंतोतंत धरले असते तर तेरेसेचा ग्रंथ बहुधा लिहिलाच गेला नसता.

हस्तलिखित पुढे इन्क्विझिशनच्या ताब्यात गेले. १५८८ मध्ये सालामांका येथे तिचे ग्रंथ छापले, ते लुइस दे लेओन यांनी; ते स्वतः त्याच संस्थेच्या कैदेत १५७२ ते १५७६ पर्यंत होते. प्रतींमध्ये इतरांनी केलेले फेरफार काढून त्यांनी तिचे मूळ शब्द परत बसवले, आणि ते शब्द सुधारू पाहणाऱ्यांवर प्रस्तावनेत कडक टीका केली.