कलेचा वर्ग कोणासाठी? देवी प्रसाद यांच्या ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकाविषयी



मी बेंगळुरूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवतो. पहिल्या तासाला टेबलावर पाण्याचा एक नळ ठेवतो आणि सांगतो, “पट्टी बाजूला ठेवा, दिसतो तसा काढा.” बरेच जण पेन्सिलच उचलत नाहीत. कोणी विचारतो, “सर, याला मार्क किती?” कोणी म्हणते, “आधी तुम्ही फळ्यावर काढून दाखवा.” ही मुले हुशार आहेत, बारावीला भरपूर गुण मिळवून आलेली आहेत. मग कोऱ्या कागदाची भीती कुठून आली? उत्तर शोधायचे तर प्राथमिक शाळेतल्या कलेच्या तासापर्यंत मागे जावे लागते. म्हणून हे पुस्तक.

१. लेखक आणि पार्श्वभूमी

देवी प्रसाद (१९२१–२०११) शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकले. १९४४ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहून नई तालीमच्या शाळेत त्यांनी मुलांना कला शिकवली. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडल्या गेलेल्या या शिक्षणाच्या केंद्रस्थानी सूतकताईसारखे उत्पादक काम होते. सूत मोजता येते, विकता येते. सहा वर्षांच्या मुलाचे चित्र ना मोजता येते ना विकता. अशा शाळेत कलेसाठी जागा मागणे सोपे नव्हते. पुस्तकाला जोर येतो तो इथून. नॅशनल बुक ट्रस्टने इंग्रजीत प्रकाशित केलेल्या या पुस्तकामागे त्या वर्षांचा अनुभव आहे.

२. मुख्य मांडणी

हर्बर्ट रीड यांनी १९४३ च्या ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ या ग्रंथात कला हा शिक्षणाचा पाया असावा असे म्हटले होते. देवी प्रसाद तोच विचार भारतीय खेड्यातल्या शाळेत आणतात. मूल चित्र काढते ते जे पाहिले, जे वाटले ते सांगण्यासाठी. डोके मोठे, हात लांब, घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात. या चुका नव्हेत, त्या वयाची भाषा आहे. मोठ्यांच्या चित्राची नक्कल करायला लावली की ती भाषा बंद पडते.

तुमची शाळा आठवा. शिक्षकांनी फळ्यावर डोंगर, सूर्य, झोपडी आणि नारळाचे झाड काढले आणि चाळीस जणांनी तेच उतरवले. माझ्या वर्गातले “आधी तुम्ही काढून दाखवा” हे त्याच तासाचे पीक आहे.

३. कलेचा वर्ग कसा मांडावा

हा विचार मान्य केला तर खोलीची मांडणी बदलते. मला दिसणाऱ्या गोष्टी अशा :
• साहित्य कुलपात नको. मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर हवे. काय घ्यायचे ते मुलाने ठरवावे.
• पाण्याची सोय आणि फरशी खराब होण्याची मुभा हवी.
• ओली चित्रे वाळायला दोरी आणि चिमटे हवेत.
• प्रत्येक चित्रामागे नाव आणि तारीख लिहून ते जपून ठेवावे. वर्षाअखेर मुलाची तुलना त्याच्याच जून महिन्यातल्या चित्रांशी करावी, शेजाऱ्याशी नव्हे.
• रंग महाग असण्याची गरज नाही. गेरू, चुना, काजळी, हळद कुठेही मिळते. वर्ध्याकडे काळी माती आहे, आमच्याकडे तांबडी.

४. पुस्तक कुठे कमी पडते

पहिली अडचण शिक्षकाची. सेवाग्रामला शांतिनिकेतनात घडलेला कलावंत मिळाला. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षिकेने हे कसे करावे, याचे उत्तर देवी प्रसाद यांच्या अनुभवातून सरळ निघत नाही.

दुसरी अडचण वयाची. नऊ-दहा वर्षांनंतर मूल स्वतःच म्हणू लागते, “माझी सायकल सायकलसारखी दिसत नाही.” तेव्हा “छान आहे, काढत राहा” एवढे पुरत नाही, नीट पाहायला आणि हात स्थिर करायला शिकवावे लागते. महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन असते. परीक्षा म्हणून त्या देवी प्रसाद यांच्या विचारात बसणार नाहीत, पण वस्तूकडे टक लावून पाहण्याची सवय त्यांतून अनेकांना लागली, हेही खरे. मोकळीक आधी आणि तंत्र नंतर, असा क्रम मला पटतो. माझ्या विद्यार्थ्यांना तंत्र मिळाले, मोकळीक मिळालीच नाही.

५. आज

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभरांहून अधिक पट असेल तर. पहिली ते पाचवीसाठी नाही. देवी प्रसाद ज्या वयाला सर्वांत जपायला सांगतात, तेच वय आपण वगळले. पुस्तक आजही वाचायला हवे ते यासाठी.

विचार करा

१. तुमच्या शाळेत रंगपेटी कोणाच्या ताब्यात होती?
२. कलेच्या तासाला गुण द्यावेत का? दिल्यास कशाचे?
३. समोरची एक वस्तू पट्टी न वापरता दहा मिनिटे काढा. मध्येच थांबलात तर का थांबलात, ते दोन ओळींत लिहा.