राजाचं रबरी बदक आणि ‘परिणाम’ नावाचा निसरडा शब्द

मुलांच्या धार्मिक अ‍ॅनिमेशनपटांवर संशोधन करायचं म्हटलं की सिनॉप्सिसच्या शीर्षकात एक शब्द हमखास येतो: ‘परिणाम’. अमुक चित्रपटाचा बालमनावर होणारा परिणाम. शीर्षक भारदस्त वाटतं, पण गाइडने ‘परिणाम म्हणजे तुम्ही नक्की काय मोजणार?’ असं विचारलं की गाडी तिथेच अडते. आज एका चित्रपटाची समीक्षा करता करता हा शब्द सुटा करून बघूया.

चित्रपट कोणता?

‘किंग जॉर्ज अँड द डकी’ (२०००). अमेरिकेतल्या ‘व्हेजीटेल्स’ मालिकेचा हा साधारण अर्ध्या तासाचा भाग. फिल व्हिशर आणि माइक नॅवरॉकी यांनी १९९३ मध्ये ही मालिका सुरू केली. ख्रिस्ती कुटुंबांनी घरी बसून मुलांसोबत पाहावी, अशी ती बेतलेली होती. पात्रं म्हणजे भाज्या आणि फळं, त्यात बॉब टोमॅटो आणि लॅरी काकडी ही मुख्य जोडी. भाज्याच का? त्या काळच्या कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनमध्ये हातपाय आणि कपडे दाखवणं फार कटकटीचं आणि खर्चाचं होतं. भाजीला दोन्ही लागत नाही!

या भागाची मूळ गोष्ट बायबलमधली आहे. दावीद राजाला उरीया या आपल्या सैनिकाची बायको बथशेबा हवीशी वाटते. तो तिला बोलावून घेतो आणि उरीयाला लढाईत सगळ्यात धोक्याच्या जागी उभं करून मारवतो. मग नाथान नावाचा संदेष्टा दरबारात येतो आणि राजाला त्याचं पाप दाखवतो.

आता सांगा, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला कशी सांगाल? व्यभिचार आणि खून दोन्ही वगळले तर उरतं काय? चित्रपटाने काढलेला तोडगा खरोखर हुशार आहे. राजाला आंघोळीच्या टबातली रबरी बदकं आवडतात. त्याच्याकडे कपाट भरून बदकं आहेत, तरी त्याला थॉमस नावाच्या छोट्याचं एकुलतं एक बदक हवं आहे. मग तो थॉमसला लढाईत पुढे धाडतो, आणि ही लढाई एकमेकांवर पाय फेकून मारण्याची.

काय जमलंय, काय निसटलंय

जमलंय ते आधी. ‘भरपूर असूनही दुसऱ्याचं एकच हवं’ हा लोभाचा सांगाडा बदकात शाबूत राहतो. दुसऱ्याच्या खेळण्याचा हेवा मुलाच्या रोजच्या अनुभवातला आहे, त्यामुळे गोष्ट हलकी होते पण पोकळ होत नाही.

निसटतं ते शेवटी. थॉमस लढाईतून भेदरलेला, पण जिवंत परत येतो. राजा माफी मागतो, बदक परत देतो. मूळ कथेत उरीया परत येत नाही. ज्याची माफी मागायची तोच उरलेला नाही, आणि त्या कथेचं सगळं ओझं यातच आहे. चित्रपटात चूक पूर्णपणे दुरुस्त होते. लहान मुलांसाठी हे योग्यच, असं तुम्ही म्हणाल आणि मला ते पटेलही. पण समीक्षेत याची नोंद हवी: मृत्यू काढल्यावर ‘पश्चात्ताप’ या शब्दाचा अर्थही बदलला आहे.

आता खरी गंमत बघा. अशी अदलाबदल मूळ कथेतच आहे! नाथान राजासमोर बथशेबाचं नाव काढत नाही. तो गोष्ट सांगतो: एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं होती, तरी त्याने गरिबाची एकुलती मेंढी घेतली. दावीद भडकतो, त्या श्रीमंताला शिक्षा झाली पाहिजे म्हणतो. ही गोष्ट आपलीच आहे हे त्याला कळत नाही. नाथानला ते तोंडावर सांगावं लागतं. चित्रपटातही मेल्विन नावाचं द्राक्ष असलेलं पात्र राजाला अशीच गोष्ट सांगतं.

म्हणजे मोठ्या माणसाला, तेही राजाला, मेंढीवरून स्वतःपर्यंतची उडी एकट्याने मारता आली नाही. मग पाच वर्षांच्या मुलाला बदकावरून शेजारच्या मुलाच्या सायकलपर्यंतची उडी आपोआप जमेल, हे आपण कशावरून धरून चालतो?

प्रयोग काय सांगतात

मरी-लुईस मारेस आणि एमिली अकोस्टा यांचा २००८ चा अभ्यास जरूर वाचा. बालवाडीच्या वयाच्या मुलांना ‘क्लिफर्ड’ या कार्टूनचा, तीन पायांच्या कुत्र्याला सामावून घेण्याविषयीचा भाग दाखवला. हेतू होता अपंगत्वाबद्दल सहिष्णुता. बऱ्याच मुलांनी घेतलेला धडा मात्र शब्दशः होता: तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं. पुढच्या अभ्यासात पात्रंच धडा समजावून सांगतात असे छोटे तुकडे मध्ये घातले, तेव्हा मुलांना तो अधिक चांगला कळला.

दुसरा अभ्यास निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानिया यांचा, टोरांटोमधला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याविषयीचं चित्रपुस्तक वाचून दाखवलं. एका गटाच्या पुस्तकात पात्रं माणसं होती, दुसऱ्या गटाच्या पुस्तकात माणसांसारखे वागणारे प्राणी. नंतर मुलं आपले स्टिकर इतरांना किती देतात ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी जास्त वाटले, प्राण्यांची ऐकलेल्यांमध्ये तशी वाढ दिसली नाही. बोलणाऱ्या काकडीचा चित्रपट बनवणाऱ्याने हे वाचून थोडं सावरून बसावं. पण थांबा! हा प्रयोग पुस्तकावरचा आहे, चित्रपटावरचा नाही, आणि भाज्यांवरचा तर नाहीच. इथून थेट ‘व्हेजीटेल्स’वर निष्कर्ष काढलात तर व्हायवात धरले जाल.

चित्रपटाच्या बाजूचीही एक गोष्ट सांगतो. ‘व्हेजीटेल्स’मध्ये गोष्ट संपल्यावर बॉब आणि लॅरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन आज काय शिकलो ते बोलतात, मग बायबलचं वचन येतं. समीक्षक अशा उपदेशाला नाक मुरडतात. पण वरचे अभ्यास पाहिले तर कलेच्या दृष्टीने कमजोर वाटणारी हीच जागा मुलाच्या आकलनासाठी बहुधा सगळ्यात कामाची आहे. ओट्यावरचा बॉब नाथानचंच काम करतो.

आणि श्रद्धेचं काय?

२००६ मध्ये एनबीसी वाहिनीने ही मालिका शनिवारी सकाळी दाखवायला घेतली आणि धार्मिक उल्लेख कापले. व्हिशर नाराज झाले. आपल्यासाठी प्रश्न असा: देव काढल्यावरही गोष्ट चालत असेल, तर ती श्रद्धेची गोष्ट होती की चांगल्या वागणुकीची? व्हिशर यांनी पुढे २०११ च्या एका मुलाखतीत जवळपास हेच कबूल केलं: दहा वर्षं आपण मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला सांगत होतो, ख्रिस्ती धर्म शिकवत नव्हतो. निर्मात्यानेच स्वतःच्या कामाची इतकी नेमकी समीक्षा केल्याची उदाहरणं फार नाहीत.

तर ‘परिणाम’ शब्दाचं काय करायचं?

त्याचे चार तुकडे करा. चित्रपट काय सांगतो, मुलाला काय कळतं, मूल ते दुसऱ्या प्रसंगाला लावतं का, आणि प्रत्यक्ष वागण्यात काय बदलतं. पहिल्यासाठी चित्रपटाचं बारकाईने वाचन लागतं, दुसऱ्या-तिसऱ्यासाठी मुलाखत, चौथ्यासाठी स्टिकरसारखी मोजता येणारी कृती आणि तुलनेचा गट. पालकांची प्रश्नावली भरून घेऊन चौथ्याचं उत्तर मिळत नाही. पालकांना काय वाटतं, एवढंच त्यातून कळतं.

तुमच्यापैकी कोणी ‘हनुमान’ (२००५) किंवा ‘बाल गणेश’ (२००७) घेणार असेल तर हेच चार तुकडे तिथे लावून बघा. पीएचडीच्या वेळेत चारही झेपणार नाहीत. एक निवडा, आणि शीर्षकात त्याचंच नाव लिहा. चित्रपट बघताना मुलाशेजारी कोण बसलं होतं आणि मध्ये काय बोललं, याची नोंदही ठेवा. घरातला नाथान बहुतेक वेळा तोच असतो, आणि आपल्या डेटाशीटमध्ये त्याच्यासाठी रकानाच नसतो.