लॅटिन आख्याते आणि पदक्रम : अध्यापनपद्धतींची चिकित्सा

लॅटिनचे अध्ययन बहुधा क्रियापदांच्या कोष्टकांपासून सुरू होते. केनेडी यांच्या 1888 च्या सुधारित प्रवेशिकेने इंग्लंडमध्ये ही परंपरा दृढ केली. परंतु कोष्टके मुखोद्गत असलेला विद्यार्थी साध्या परिच्छेदापाशी अडखळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आख्यात आणि पदक्रम हे दोन स्वतंत्र विषय मानले जातात, हे त्याचे प्रमुख कारण होय.

लॅटिन धातूंचे चार गण आहेत. ‘मोनेत्’ हे दुसऱ्या गणाचे वर्तमानकाळी रूप. ‘रेगेत्’ हे तिसऱ्या गणाचे भविष्यकाळी रूप. तर ‘अमेत्’ हे पहिल्या गणाचे संभावनार्थक रूप. तिन्हींचा शेवट ‘एत्’ असाच आहे. म्हणजेच प्रत्यय ओळखणे पुरेसे नसून धातूचा गणही ठाऊक असावा लागतो. या दृष्टीने पाठांतर निरर्थक ठरत नाही. मात्र ते वाचनाचे साधन आहे, साध्य नव्हे.

कर्ता-कर्म संबंध विभक्तिप्रत्यय दाखवीत असल्यामुळे पदक्रम लॅटिनमध्ये मुख्यतः भर आणि संदर्भ सूचित करतो. ‘पुएरुम् मगिस्तेर लाउदत्’ या वाक्यात मुलाचा उल्लेख प्रथम येतो, तरी स्तुती शिक्षकच करतो. आधी क्रियापद शोधून मग कर्ता हुडकण्याची रीत हा भर नष्ट करते. विल्यम गार्डनर हेल यांनी 1887 मध्येच या रीतीवर आक्षेप घेऊन, शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने अर्थ ग्रहण करावा, असे प्रतिपादन केले होते.

व्हीलॉक यांचे 1956 चे पाठ्यपुस्तक पहिल्याच पाठात पहिल्या दोन गणांची वर्तमानकाळी रूपे देते. त्याची मांडणी शिस्तबद्ध आहे. परंतु सुट्या वाक्यांच्या सरावात पदक्रमामागील संदर्भ हरवतो. याउलट अर्बर्ग यांचे पुस्तक पूर्णतः लॅटिनमध्ये असून सलग कथनातून रूपांचा परिचय घडविते. येथे संदर्भ आहे. मात्र अर्थ प्रसंगावरून कळत असल्याने प्रत्ययांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका राहतो. दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत.

मराठीभाषक विद्यार्थ्याच्या संदर्भात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. ‘मुलाला शिक्षक शाबासकी देतात’ हा क्रम त्याला परका नाही. वाक्यान्ती येणारे क्रियापदही परिचित आहे. अडचण निर्माण होते ती प्रयोगामुळे. ‘मुलीने पत्रे लिहिली’ येथे मराठी क्रियापद कर्मानुसार बदलते. ‘पुएल्ला एपिस्तुलास् स्क्रिप्सित्’ येथे ते कर्त्याप्रमाणे एकवचनीच राहते. इंग्रजी वाचकासाठी रचलेल्या पुस्तकांत या स्खलनाचा विचार नाही, कारण त्या वाचकाला ते संभवतच नाही.

सारांश, कोष्टक हवे की कथन हा वाद गौण आहे. प्रत्येक नवे रूप सलग उताऱ्यात, मूळ क्रमाने वाचले जावे आणि त्याची तुलना विद्यार्थ्याच्या मातृभाषेच्या प्रयोगव्यवस्थेशी व्हावी. त्याशिवाय पाठ केलेले व्याकरण वाचनात उतरणार नाही.