पहाऱ्याचे दरपत्रक वाचताना

रसग्रहणासाठी आज कविता नाही, एक दरपत्रक घेतले आहे. शेगावात एखाद्या लॉजला किंवा कॉलेजला रात्रपाळीचा गार्ड हवा असला की एजन्सी असे एक पान पुढे करते. मूळ वेतन, विशेष भत्ता, पीएफ १३ टक्के, ईएसआयसी ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के, रिलीव्हर, सेवाशुल्क आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

वरवर पाहता पान रुक्षच. पण ओळ-ओळ थांबून वाचले की कळते, हे एकहाती लिखाण नव्हे. किमान वेतन आणि दर सहा महिन्यांनी सरकणारा विशेष भत्ता राज्य सरकारने लिहिला. पीएफ, ईएसआयसी केंद्राच्या कायद्याने. रिलीव्हरची ओळ आठवडी सुटीने लिहिली: सहा दिवस राबणाऱ्या माणसामागे सातव्या दिवसाचा बदली माणूस, म्हणून एक षष्ठांश. एजन्सीच्या स्वतःच्या अक्षरातली ओळ एकच, सेवाशुल्काची. कायदा पाळायचा म्हटला तर निविदेतली सारी चुरस तिथेच होते. मला ही ओळ फार आवडते. एवढ्याशा जागेत धंदा करायचा आहे!

उत्पादक किंमत निर्देशांक काढणारा माणूस हे पान असेच बारकाईने वाचतो. आपल्याकडच्या २०११-१२ पायाभूत वर्षाच्या घाऊक किंमत निर्देशांकात फक्त वस्तू आहेत, सेवा नाहीत. पहाऱ्याचा भाव त्यात सापडायचा नाही. उत्पादक निर्देशांकाला हवा असतो विकणाऱ्याच्या पदरात पडणारा भाव. म्हणून तो जीएसटीची ओळ आधी खोडतो. उरलेल्यात गंमत आहे. १ जुलै २०१९ला ईएसआयसीचा मालकाचा हिस्सा ४.७५वरून ३.२५ टक्क्यांवर आला. दहा हजार वेतनामागे दीडशे रुपये कमी. गार्ड तोच, काठी तीच, फाटकही तेच, आणि ही सवलत ग्राहकापर्यंत पोचली असेल तर पहारा खरोखर स्वस्त झाला.

तळाशी बारीक अक्षरात एक अट असते: किमान वेतन वाढल्यास फरक वेगळा आकारला जाईल. पानातले सगळ्यात बोलके वाक्य हेच. ते असेल तर भाव जानेवारी-जुलैला पायरी-पायरीने चढतो. नसेल तर वर्षभर निपचित पडून करार नव्याने होताना एकदम उसळतो. महागाई तीच, आलेखाचा आकार मात्र निराळा.

खरी परीक्षा तासांची. समजा आठ तासांची ड्युटी बारा तासांची केली आणि मासिक दर २० टक्क्यांनी वाढवला. लॉजमालक म्हणेल, गार्ड महागला. हिशेब उलटे सांगतो: तास दीडपट, पैसे १.२ पट, म्हणजे तासाचा भाव २० टक्क्यांनी उतरला. म्हणून आकडा मागताना विचारायचे ते असे: तेच फाटक, तीच पाळी, तेवढेच तास, बंदूक असेल-नसेल तीही तशीच, आज दर काय? अर्थात बाराव्या तासाला गार्डचे डोळे किती उघडे असतात, हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

आणि शेगावात या पानाच्या समासाबाहेर फार मोठा मजकूर आहे. १९०८ साली स्थापन झालेल्या श्री गजानन महाराज संस्थानात दर्शनबारी सांभाळतात ते पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारी. गावोगावून पाळीपाळीने येतात, ‘माउली’ म्हणत रांग पुढे सरकवतात, मोबदला घेत नाहीत. गर्दी आवरणे, वाट दाखवणे, वस्तूंवर नजर ठेवणे. काम बरेचसे दरपत्रकातलेच. पण व्यवहार नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून निर्देशांकात नोंद नाही. उद्या त्या रांगेवर एजन्सीचे गार्ड उभे केले, तरी निर्देशांकात त्या बदलाने तसूभर वाढ दिसणार नाही. तो पहिल्या महिन्याच्या दरापासून पुढचे बदल मोजू लागेल. आधीच्या शून्याने भागता येत नाही.