धूरवायूतील सल्फर डायऑक्साइडचे द्रवशोषण : एका युक्तिवादाची चिकित्सा

औष्णिक वीजकेंद्रांच्या धूरवायूतील सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारी अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये काढली. तिच्या पूर्ततेची मुदत वारंवार वाढवली गेली. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने दिल्ली परिसर, दहा लाखांवर वस्तीची शहरे आणि प्रदूषित ठरवलेली क्षेत्रे यांपासून दहा किलोमीटरपलीकडील केंद्रांना, म्हणजे बहुसंख्य केंद्रांना, धुराड्याच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून सूट मिळाली. सुटीच्या समर्थनार्थ झालेल्या युक्तिवादांपैकी एकाचीच येथे चिकित्सा करावयाची आहे, कारण तो रसायनशास्त्राचा आधार घेतो. चुनखडीच्या द्रावाने हा वायू शोषताना कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो, म्हणून उपाय रोगाहून वाईट, असे त्याचे स्वरूप आहे.

पूर्वार्ध खरा आहे. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्लधर्मी द्रावण होते, चुनखडी त्याचे उदासिनीकरण करते आणि द्रावात हवा सोडल्यावर सल्फाइटचे सल्फेट होऊन जिप्सम मिळते. या क्रियेत ६४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइडमागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. परंतु प्रश्न प्रमाणाचा आहे. अर्धा टक्का गंधक व ४० टक्के कार्बन असलेला एक टन कोळसा घेऊ. त्यापासून सुमारे १० किलो सल्फर डायऑक्साइड निर्माण होईल आणि तो संपूर्ण शोषला तरी चुनखडीतून सुमारे ७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटेल. तोच कोळसा जळताना सुमारे १,४६७ किलो कार्बन डायऑक्साइड देतो. भर अर्ध्या टक्क्याहूनही कमी! संयंत्राला लागणारी एक-दीड टक्का वीज धरली तरी बेरीज दोन टक्क्यांच्या आसपासच राहते. कमी गंधकाचा कोळसा हा सुटीचा दुसरा आधार सांगितला जातो. पण गंधक जितके कमी तितका चुनखडीतून सुटणारा वायूही कमी, हे दोन्ही युक्तिवाद एकत्र मांडणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

पाण्याची वाढीव गरज, चुनखडीच्या खाणी आणि जिप्समची विल्हेवाट हे आक्षेप याहून सबळ आहेत. विदर्भातील केंद्रांबाबत पाण्याचा आक्षेप तर टाळताच येणार नाही. मात्र द्रवशोषक म्हणजे केवळ चुनखडी नव्हे. डहाणूच्या ५०० मेगावॅट केंद्रात समुद्राच्या पाण्यातील नैसर्गिक बायकार्बोनेटचा उपयोग केला जातो. तेथे न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९९ मध्ये संयंत्राचा आदेश दिला आणि ते २००७ मध्ये कार्यान्वित झाले. मधली आठ वर्षे रसायनशास्त्रामुळे गेली नाहीत.

राहता राहिला हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेत असल्याचा दाखला. ते मोजमाप वायूचे आहे. उंच धुराड्यातून दूर गेलेल्या याच वायूचे वातावरणात ऑक्सिडीभवन होते, अमोनियाशी संयोग होऊन सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि त्यांची नोंद धूलिकणांच्या रकान्यात, बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात, होते.